गोगीची पहिली दाढी

आमच्या धाकटीला घरात सगळे गोगी म्हणतात. गोगलगायीचं ते लाडाचं रूप. नाव ठेवलं तिच्या आत्याने. त्या दिवशी आत्या सकाळीच आली, तेव्हा गोगी शाळेत जाण्यासाठी उजव्या पायात मोजा घालत होती. आत्याचा चहा झाला, माझ्याशी जरा वाजलं, मग मिटलं, मिटल्याचा दुसरा चहा झाला, तरी गोगी अजून उजव्याच मोज्यात. आत्या म्हणाली, "वहिनी, ही पोर नाही, गोगलगाय आहे. हिच्या पोटात पाय असते तर बरं झालं असतं, मोज्यांचा खर्च तरी वाचला असता."

मला वाटलं होतं, वयाबरोबर वेग येईल. वय आलं. परीक्षेत तिचा पेपर कधी पूर्ण झाला नाही, पण जेवढा लिहिला तेवढा इतका नेटका असायचा की मास्तर पास करून टाकत. अशी रमतगमत ती पदवीधर झाली. मग कापडाच्या दुकानात लागली. गिऱ्हाइकाने मागितलेला तागा ती अशा निगुतीने उलगडायची, की तोवर ते गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून कापड घेऊन परत जाताना तिला काचेतून हात करायचं. त्यानंतर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची नोकरी. तिथे तिच्याशी बोलून लोक शांत व्हायचे हे खरं, पण एकेक माणूस दुपारपर्यंत शांत होत राहायचा. दोन्ही ठिकाणांहून तिला गोड बोलून घरी पाठवलं. माझ्या काळजीला तसं कारण लागत नाही, पण इथे तर कारणांची रांगच लागली होती.

एके दिवशी जेवताना ती म्हणाली, की म्हाताऱ्या आणि आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेत तिने नाव घातलंय. उठवणं, बसवणं, आंघोळ घालणं, कपडे चढवणं, भरवणं, बाथरूमला नेणं, असं सगळं.

मी म्हटलं, "अगं, तुझी स्वतःची आंघोळ दुपारच्या आत आटपत नाही."

"तेच तर," गोगी म्हणाली. "शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, घाई करणारी माणसं आम्हाला नकोतच. आई, तिथे सावकाशपणाचे मार्क आहेत."

तिच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता, म्हणून गप्प बसले. गप्प बसणं मला झेपत नाही, त्याने माझं पित्त वाढतं.

सराव घरीच सुरू झाला, आमच्या ह्यांच्यावर. हे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आहेत आणि स्वभावाने पाण्यासारखेच. ज्या भांड्यात ठेवाल तसे बसतात. गोगीने त्यांना पलंगावर बसवलं आणि शर्ट हातात घेतला. नियम असा, की लुळ्या बाजूची बाही आधी घालायची आणि काढताना शेवटी काढायची.

"बाबा, तुमची अशक्त बाजू कोणती?"

"तुझी आई ज्या बाजूला झोपते ती."

मग कमरेला बांधायचा रुंद पट्टा आला. त्याला मागे धरायला मुठी असतात. तो बांधून गोगीने ह्यांना हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत चालवत नेलं. ती त्यांचा पट्टा धरून मागे, आणि पडलेच तर म्हणून मी उशी घेऊन तिच्या मागे. हे चांगले धडधाकट माणूस, पण स्वयंपाकघरात पोचेपर्यंत स्वतःच लंगडायला लागले. म्हणाले, "इतकी काळजी घेतल्यावर काहीतरी दुखायला नको का?"

शिक्षण संपलं आणि संस्थेने तिला पाठवलं ते सलूनवाल्या आजोबांकडे. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. पुढच्या खोलीत सलून, मागे राहायची जागा. निम्म्या गावाच्या दाढ्या त्यांच्या हातून झालेल्या. आता उजव्या अंगावरून वारं गेलेलं, सलून बंद, आणि आजोबा चाकांच्या खुर्चीत. बायको केव्हाच गेली. एकुलती लेक दूरच्या गावी, ती संस्थेला पैसे पाठवायची आणि फोनवर रडायची. त्यांच्या घरून आधीच्या सगळ्या मदतनिसांनी पळ काढला होता. कारण एकच, दाढी.

बाकी आजोबा आंघोळ घालू द्यायचे, भरवू द्यायचे, कपडे बदलू द्यायचे. पण गालाला कुणी वस्तरा लावला, की सुरू. एकाला म्हणाले, "हा गाल आहे, अंगण नाही, झाडतोस काय असा?" दुसरा बिचारा गुळगुळीत दाढी करून मोकळा झाला, तर त्याला आरसा मागून म्हणाले, "छान. आता गेलेल्या माणसांच्या दाढ्या करण्याचं काम बघ. ती तक्रार करणार नाहीत."

दुसरी अडचण जास्त मोठी होती. डॉक्टर म्हणत, पायात ताकद आहे, एका माणसाच्या आधाराने हे उभे राहू शकतात. पण आजोबा उभेच राहायचे नाहीत. "कशाला उभा राहू? गिऱ्हाईक आलंय का?" असं म्हणून खुर्चीला घट्ट बसून राहायचे. मग बाथरूमच्या वेळी दोन माणसं लागायची, नाहीतर भांडं. लेकीने शेवटी संस्थेला स्पष्ट सांगितलं होतं. बाबा एका माणसाबरोबर उठून बाथरूमपर्यंत जायला लागले तर ते इथे राहतील. नाहीतर ती त्यांना आपल्याकडे घेऊन जाईल, सलूनच्या खुर्चीसकट सगळं काढून टाकेल आणि जागा भाड्याने देईल. तिचं तरी काय चुकलं? माझी आई अशी असती, तर मी रोज फोनऐवजी रोज गाडी पकडली असती.

गोगी पहिल्या दिवशी साबण, ब्रश, वस्तरा घेऊन त्यांच्यासमोर बसली. आजोबांनी विचारलं, "येते का?"

"नाही."

आजोबा जरा थबकले. आजवर सगळे "येते" म्हणत आलेले.

"नाही येत तर हातात कशाला घेतलास?"

"तुम्हाला येते ना? मग तुम्ही शिकवा. मला वेळ लागतो, पण येतं."

बस्स, आजोबांना शागीर्द सापडला आणि आमच्या घराची शांतता गेली. त्यांच्याकडे शिकायचा एक ठरलेला क्रम होता आणि त्यातली एकही पायरी ते गाळू देत नसत. आधी फक्त फरशी झाडायची. फरशीवर एक केस नव्हता, तरी गोगी झाडत होती. मग वाटीत फेस करायचा. "अजून पातळ आहे," आजोबा म्हणायचे, "हा फेस आहे की दूध?" फेस उभा राहिला की वस्तऱ्याला नवं पातं लावायचं. त्यानंतर फुगा. फुग्यावर फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो असा उतरवायचा, की फुगा फुटला नाही पाहिजे. हा गृहपाठ गोगी घरी करायची. दर थोड्या वेळाने आतून फाट असा आवाज यायचा आणि माझ्या हातातली वाटी उडायची. पलीकडच्या मावशींनी गॅलरीतून विचारलं, "कुणाचा वाढदिवस आहे का हो?" काय सांगणार? मुलगी गळे कापायला शिकतेय म्हणून?

एका संध्याकाळी फुगा अख्खा राहिला. तिने तो आजोबांना नेऊन दाखवला. त्यांनी बोटाच्या मागच्या बाजूने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हं. पण फुगा झोपत नाही. गिऱ्हाईक खुर्चीत झोपलं, की समजायचं हात बसला."

या सगळ्यात आजोबांची दाढी मात्र वाढत चालली होती. मी गोगीचा विसरलेला डबा द्यायला गेले, तर आरशासमोर एक दाढीवाले गृहस्थ आणि शेजारी आमची मुलगी फेस घोटत बसलेली. मी तिला दारात बोलावून कुजबुजले, "अगं, यांची लेक आली आणि बापाला असं पाहिलं, तर काय म्हणेल? माझ्या बापाला बैरागी केलं म्हणेल."

आतून आजोबा म्हणाले, "कुजबुजू नका हो, कान डावाही चालतो आणि उजवाही."

आणि लेक खरंच येणार असं कळलं. येत्या रविवारी, संस्थेच्या सुपरवायझर बाईंना बरोबर घेऊन. गोगी घरी आली ती नेहमीपेक्षा सावकाश. म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. पाणी प्यायली, पेला पुसला, जागेवर ठेवला, मग बोलली.

"आजोबांना ती घेऊन जाणार, आई. ते अजून एकदाही उभे राहिले नाहीत. मी रोज पट्टा बांधते, ते म्हणतात, पुढची पायरी शिकल्याशिवाय मला त्रास देऊ नकोस."

"मग शीक की पुढची पायरी. कोणती आहे?"

"जिवंत हनुवटी," गोगी म्हणाली आणि वळून बाबांकडे बघायला लागली.

ह्यांनी वर्तमानपत्र वर केलं. वर्तमानपत्रामागून आवाज आला, "माझी दाढी मी सकाळीच केली."

"रविवारी करू नका."

"मिशीला हात लावायचा नाही."

"नाही लावणार, बाबा."

मिशीबद्दल सांगायला हवं. ती आमच्या लग्नाच्या आधीपासूनची. स्थळ बघायला आले तेव्हा हे आणि मिशी दोघेच बसल्यासारखे दिसत होते, आणि त्या दोघांत मिशी जास्त आत्मविश्वासाने बसली होती. तिच्याखाली काय आहे हे मी कधी पाहिलेलं नाही. ऑफिसात ह्यांना कुणी नावाने ओळखत नाही, "मिशीवाले साहेब कुठे बसतात" असं विचारतात.

रविवारी आम्ही तिघं निघालो. माझ्या पर्समध्ये कापूस, जंतुनाशक, पट्ट्या आणि डॉक्टरांचा नंबर होता. ह्यांनी विचारलं, "तलवारीची लढाई आहे का?" मी पर्सची चेन लावली. लढाईला निघालेल्या माणसांनी असे प्रश्न विचारू नयेत.

सलूनची खुर्ची पुसून ठेवलेली होती. लोखंडी पायठेवणं, डोकं टेकायला चामड्याची उशी, समोर भिंतभर आरसा. हे चढून बसले. आजोबा चाकांच्या खुर्चीत शेजारी, दाढी छातीकडे निघालेली, पण डोळ्यांत मालकाचा रुबाब. "गिऱ्हाइकाला बोलतं ठेवायचं," ते गोगीला म्हणाले.

गोगीने विचारलं, "काय मग बाबा, कसे आहात?"

"सकाळी होतो तसा."

फेस झकास उभा राहिला. तिने तो लावला. लावत राहिली. कानाजवळ थोडा, हनुवटीखाली थोडा, परत कानाजवळ. मग वस्तरा उचलला, उजेडात धरून पाहिला, ह्यांचा गाल दोन बोटांनी ताणला, सोडला, परत ताणला. माझ्या हातातल्या कापसाचा एव्हाना बोळा झाला होता. आजोबांचा डावा पाय जमिनीवर टकटक करायला लागला.

"पोरी, फेस वाळतोय."

"हो आजोबा."

"वाळल्या फेसावर वस्तरा खरडतो."

"हो."

"अगं खालून वर नाही, वरून खाली. असं. नाही, असं. मनगट मोडल्यासारखं काय धरतेस? आण इकडे." त्यांनी डावा हात पुढे केला. खुर्चीतून तो ह्यांच्या गालापर्यंत पोचेना. त्यांनी अंग पुढे रेटलं, तरी पोचेना. आजोबांनी ज्या अर्थाने मान हलवली, तो अर्थ सगळ्या कारागिरांना ठाऊक असतो. समोर काम नासतंय आणि आपण बसलोय.

"उठव मला," ते म्हणाले.

मला वाटलं, आता गोगी आनंदाने ओरडेल. तिने चेहऱ्यावरची रेघही हलवली नाही. वस्तरा मिटून फळीवर ठेवला, पट्टा आणला, बांधला, चाकांना खीळ घातली, त्यांचे पाय सरळ केले, आपला गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला लावला आणि म्हणाली, "नाक पुढे आणा, आजोबा. आता तुम्ही उठा, मी फक्त आहे."

आजोबा उठले. झोकांडी गेली, सावरली, आणि ते ह्यांच्या खुर्चीला मांडी टेकवून उभे राहिले. गोगीने त्यांचा उजवा हात उचलून उशीवर ठेवला आणि मागून पट्टा धरला. "आता द्या तो," त्यांनी मला फर्मावलं. मी, जिने आयुष्यभर मुलांच्या हातातून कात्र्या काढून घेतल्या, तिने एका थरथरत्या म्हाताऱ्याच्या हातात उघडा वस्तरा दिला. नवऱ्याच्या गळ्यापाशी.

हात डावा होता, पण काय सांगू. सर्र सर्र असा एका लयीत गाल साफ होत गेला. ह्यांच्या पापण्या जड व्हायला लागल्या. आजोबा गुणगुणत होते. कानापासून निघाले, गालावरून आले, ओठाच्या कडेला वळले, आणि वळले ते थांबलेच नाहीत.

निम्मी मिशी फेसासकट वस्तऱ्यावर होती.

आजोबांनी वस्तऱ्याकडे पाहिलं, ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "मिशी कुठे लागते, ते माझ्या उजव्या हाताला माहीत होतं. डाव्याला कुणी सांगितलंच नाही."

नेमकं तेव्हाच दार उघडलं. दारात सुपरवायझर बाई आणि मागे आजोबांची लेक. त्यांनी पाहिलं ते असं. ज्याची सेवा करायची तो दाढीवाला रुग्ण वस्तरा घेऊन उभा, सेविकेचा बाप खुर्चीत अर्ध्या मिशीने बसलेला, सेविका मागे पट्टा धरून, आणि मी कापूस घेऊन.

सुपरवायझर बाईंनी गोगीची बिनपाण्याने केली. रुग्णाच्या हातात धार? नातेवाईक कामावर? आणि ही दाढी, हा अवतार? गोगी सगळं ऐकत होती आणि पट्टा धरून होती. मध्येच तिने "हो बाई" म्हटलं आणि आजोबांचा गुडघा आपल्या गुडघ्याने जरा आत घेतला.

लेकीचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ती खालीच बघत होती, बापाच्या पायांकडे. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही उभे आहात."

"मग बसून दाढी करतात का?" आजोबा म्हणाले. "हे गिऱ्हाईक अर्धं आहे. जरा थांबा सगळ्या."

पण त्यांचा पाय आता लटपटत होता. गोगीने त्यांना सावकाश मागे घेऊन खुर्चीत बसवलं. बसता बसता त्यांनी वस्तरा तिच्या हातात दिला. "उरलेली तू काढ. दोन्ही बाजू सारख्या करणं हेच काम असतं. बाकी कुणीही करतं."

सुपरवायझर बाई "हे चालणार नाही" म्हणाल्या. त्यावर हे पहिल्यांदाच बोलले. "बाई, अर्धी मिशी घेऊन मी रस्त्याने जाऊ का? ते चालेल?"

गोगीने नवा फेस केला. लावला. गाल ताणला. आम्ही सगळे श्वास धरून, आणि तिचा वेळ नेहमीसारखाच. फेस वाळायच्या बेतात आला की ती पाण्याचं बोट फिरवायची आणि पुढे जायची. ना रक्त, ना ओरखडा. शेवटी आजोबांनी डाव्या बोटाची मागची बाजू ह्यांच्या ओठावरून फिरवली.

"काटा नाही," ते म्हणाले. मग कपाळाला आठी घालून लेकीकडे वळले. "आता मला बाथरूमला जायचंय. मघापासून जायचंय. गिऱ्हाईक सोडून जाता येईना."

लेक पुढे झाली. सुपरवायझर बाई भांडं शोधायला लागल्या. आजोबांनी दोघींना हातानेच थांबवलं. "ही आहे ना. पट्टा लाव, पोरी."

ते उठले. गोगी त्यांच्या उजवीकडे, एक हात पट्ट्यात. मधल्या दारातून, कपाटाच्या कडेने, आतल्या बोळातून. पाऊल टाकायचं, थांबायचं, पुढचं टाकायचं. मागे लेक, तिच्यामागे बाई, मग मी, आणि शेवटी टॉवेलाने ओठ झाकून हे. बाथरूमच्या दारापाशी आजोबा मागे वळून म्हणाले, "आता सगळे आत येणार का?"

लेकीने तोंडाला पदर लावला. हसतेय की रडतेय, ते कळायला मार्ग नव्हता. मग मला म्हणाली, "मला वाटलं होतं, आज यांचं सामान बांधावं लागेल. बॅग आणलीय मी."

"मग आता?" मी विचारलं.

"रिकामीच नेते," ती म्हणाली.

संस्थेची ताकीद गोगीला मिळाली. धारेची वस्तू फक्त तिच्या हातात राहील, बाबांना किंवा कुठल्याही काकांना कामावर आणायचं नाही. आता हे लिहिते आहे तेव्हा घर झोपलंय, पलीकडे हे घोरतायत, आणि मिशी गेल्याने घोरण्याचा सूरही बदललाय. मधूनच एखाद्या परक्या माणसाला घरात घेतल्यासारखं वाटतं. वरचा ओठ चांगला आहे. इतकी वर्षं उगाच लपवून ठेवला होता. पण उद्या ऑफिसात यांना कोण ओळखणार, ही एक नवीन काळजी लागलीय.

तर, बाथरूममधून परत आल्यावर आजोबा चाकांच्या खुर्चीकडे वळले नाहीत. "तिथे," म्हणाले आणि सलूनच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ह्यांनी घाईने खुर्चीवर ठेवलेला टॉवेल उचलला. गोगीने आजोबांना आपल्या पद्धतीने त्या खुर्चीत बसवलं, म्हणजे चांगला वेळ घेऊन. त्यांनी डोकं उशीला टेकवलं, इतक्या दिवसांची दाढी वाढलेली हनुवटी वर केली आणि म्हणाले, "कर. पण घाई करशील तर उठून जाईन."

तिने आधी कात्रीने वाढ कमी केली. मग फेस. मग वस्तरा, वरून खाली. एक गाल झाला. आजोबा एवढ्यात काहीतरी खोडी काढणार म्हणून आम्ही वाट बघत होतो. सुपरवायझर बाईसुद्धा वाट बघत होत्या. कानावर काहीच आलं नाही. लेक वाकून बघायला गेली आणि ओठांवर बोट ठेवून परत आली.

आजोबा झोपले होते.

एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर पांढरा फेस. सुपरवायझर बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि गोगीला खुणेने विचारलं, उठवायचं का. गोगीने नाही अशी मान हलवली. वस्तरा मिटला, खुर्चीच्या कडेला टेकली आणि वाट बघत उभी राहिली. फेस वाळला तर वाळला. तो ती परत करणार होती.